‘सापडलं नाही’ म्हणजे काय? तणनाशकाच्या अवशेषांची गोष्ट



मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी प्रश्न विचारला होता. ‘सर, परदेशातून येणाऱ्या मसुरीत तणनाशक असतं असं म्हणतात. मग मसुरीची डाळ खायची की नाही?’ मी म्हटलं, पुढच्या वेळी बोलू. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. रसायनं हा काही माझा प्रांत नाही. पण वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की या भांडणात रसायनशास्त्राइतकीच ज्ञानमीमांसाही आहे. ‘या अन्नात विष नाही’ असं जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा ते त्याला कशावरून कळलं? एखादी गोष्ट असल्याचं कळतं ते डोळ्यांनी. नसल्याचं कशानं कळतं? आज याच बाजूने बोलणार आहे.

आधी एक शब्द. आपल्या खेड्यांत ‘तणनाशक फवारलं’ असं फारसं कोणी म्हणत नाही. ‘औषध मारलं’ म्हणतात. पिकाला जे औषध, ते तणाला विष. आपण त्याला औषध म्हणतो, कारण आपण पिकाच्या बाजूने उभे असतो. हे लक्षात असू द्या.

तण काढायचं काम हजारो वर्षं माणसाच्या, आणि आपल्याकडे मुख्यतः बायकांच्या, हातांनी झालं. निंदणी म्हणा, खुरपणी म्हणा, आमच्याकडे भांगलण म्हणतात. ओळीने बसून, खुरप्याने, दिवसभर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या संशोधनातून २,४-डी हे रसायन पुढे आलं, आणि रुंद पानांचं तण मारून गवतवर्गातलं पीक जिवंत ठेवता येतं हे कळलं. नंतरच्या वीस वर्षांत अशी अनेक रसायनं आली. त्यातल्या एकाची गोष्ट मी आज जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आज आपण जे सगळे वाद घालतो ते सगळे त्या एका प्रकरणात आधीच येऊन गेलेत.

साल १९५९. देश अमेरिका. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. त्या जेवणात टर्की, आणि टर्कीबरोबर क्रॅनबेरीचा सॉस. क्रॅनबेरी म्हणजे लाल, आंबट, करवंदाएवढं फळ. वर्षातला मोठा खप त्या दिवसांतच. सतरा दिवसांवर सण आलेला असताना, सोमवारी ९ नोव्हेंबरला, आरोग्य खात्याचे मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी पत्रकार परिषद घेतली. वॉशिंग्टन आणि ओरेगन या राज्यांतून आलेल्या क्रॅनबेरीच्या काही मालात अमिनोट्रायझोल नावाच्या तणनाशकाचे अवशेष सापडले आहेत, आणि या रसायनाने उंदरांच्या थायरॉइडमध्ये कर्करोगाच्या गाठी होतात, असं त्यांनी सांगितलं. गृहिणीने काय करायचं, असं पत्रकारांनी विचारलं. त्यावर त्यांच्या उत्तराचा मतितार्थ असा होता, की फळ कुठून आलं हे कळत नसेल तर घेऊ नये हे बरं.

कल्पना करा, संक्रांत पंधरा दिवसांवर आलीय आणि आरोग्यमंत्री सांगतात की तिळात काहीतरी निघालंय, तीळ कुठला ते माहीत नसेल तर घेऊ नका. दुकानात तीळ कुठला हे कोणाला माहीत असतं? क्रॅनबेरीचं तेच झालं. दुकानांनी डबे फळीवरून काढले, हॉटेलांनी पदार्थ बंद केले. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, विस्कॉन्सिन इथले शेतकरी, ज्यांच्या मालात काही सापडल्याचं मंत्री म्हणाले नव्हते, तेही त्यात धुऊन निघाले.

मग राजकारण. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. क्रॅनबेरी पिकवणाऱ्या विस्कॉन्सिनमध्ये उपाध्यक्ष निक्सन यांनी चार वेळा सॉस वाढून घेऊन खाल्ला आणि सेनेटर केनेडी क्रॅनबेरीच्या रसाचे दोन ग्लास प्याले. दोघेही छायाचित्रकारांसमोर. शेतीमंत्री बेन्सन म्हणाले, मी क्रॅनबेरी खाणारच. पुढाऱ्याने संशयित पदार्थ चारचौघांत खाऊन दाखवणं हा पुरावा नव्हे. चार वाट्या खाऊन कर्करोग होत नाही हे फ्लेमिंगनाही मान्य होतं, त्यांचा मुद्दा तो नव्हताच. पण हा प्रकार आपल्याकडेही चालतो. कोंबड्यांची साथ आली की पुढारी कोंबडीची तंगडी हातात घेऊन फोटो काढतात.

शेवटी सरकारने घाईघाईने माल तपासला, स्वच्छ निघालेला माल तसं लिहून बाजारात सोडला, आणि पुढच्या वर्षी उत्पादकांना नुकसानभरपाई दिली.

आता यात चूक कोणाची? आधी वस्तुस्थिती बघू. हे तणनाशक क्रॅनबेरीच्या मळ्यांत वापरायला परवानगी होती, पण फळ तोडून झाल्यावरच. काहींनी ते आधीच मारलं. १९५७ च्या पिकातही असे अवशेष आढळले होते आणि तो माल बाजूला ठेवावा लागला होता. म्हणजे औषधाच्या डब्यावरची सूचना न पाळणं हे मूळ कारण. यातलं नवीन काय सांगायचं!

दुसरा मुद्दा कायद्याचा. १९५८ मध्ये अमेरिकेच्या अन्नकायद्यात न्यूयॉर्कचे लोकप्रतिनिधी जेम्स डिलेनी यांच्या आग्रहाने एक कलम आलं. माणसात किंवा प्राण्यात कर्करोग निर्माण करणारा कोणताही पदार्थ अन्नात मिसळायला ‘सुरक्षित’ मानायचा नाही. किती प्रमाणात, हा प्रश्नच नाही. शून्य म्हणजे शून्य. काटेकोरपणे पाहिलं तर शेतातून आलेल्या कच्च्या मालावरच्या अवशेषांना १९५४ चा वेगळा कायदा लागू होता, डिलेनी कलम थेट लागत नव्हतं. पण हवा त्या कलमाची होती, आणि या रसायनासाठी अवशेषाची कोणतीही मर्यादा मंजूर झालेली नव्हती. म्हणजे व्यवहारात शून्यच.

टीका करणाऱ्यांनी हिशेब मांडला. उंदरांना दिलेल्या डोसाइतकं रसायन पोटात जायला माणसाने रोज हजारो पौंड क्रॅनबेरी खायला हव्यात, त्याही वर्षानुवर्षं. प्रमाणावरच विष ठरतं, हे सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने म्हटलेलंच आहे. डिलेनींच्या बाजूचं म्हणणं असं, की कर्करोगाच्या बाबतीत सुरक्षित प्रमाण कुठे संपतं हे कोणालाच सांगता येत नाही. मग ठरवायचं कसं? एक कण चालेल? दोन चालतील? ग्रीकांमध्ये युबुलायडीझच्या नावावर एक कोडं आहे. धान्याचा एक दाणा म्हणजे ढीग नव्हे, दोन नव्हे, तीन नव्हे. मग ढीग नेमका कितव्या दाण्याला होतो? डिलेनींचं उत्तर असं, की ढीग कुठे सुरू होतो ते कळत नसेल तर पहिला दाणाच टाकू नका. याला भाबडेपणा म्हणून हसणं सोपं आहे. मला तो भाबडेपणा वाटत नाही. ज्याला हिशेब कळत नाही त्याच्या ताटाची काळजी करणारी ती भूमिका आहे.

पण तिच्यात एक भेग होती, आणि ती भेग आपल्याकडच्या मीमांसकांनी फार आधी ओळखली होती.

कुमारिल भट्टांची परंपरा ‘अनुपलब्धि’ हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानते. पुढे अद्वैत वेदान्तानेही ते मानलं. समोर जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? नसलेला घडा काही डोळ्यांना दिसत नाही. तर घडा दिसत नाही, यावरूनच तो नाही हे कळतं. पण लगेच एक अट आहे, आणि सगळी गंमत त्या अटीत आहे. नुसतं न दिसणं पुरत नाही. ‘असता तर दिसलाच असता’ अशी परिस्थिती पाहिजे. याला योग्यानुपलब्धि म्हणतात. उजेडात, डोळे उघडे ठेवून बघितलं आणि घडा दिसला नाही, तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि जे दिसण्याजोगंच नाही, उदाहरणार्थ पिशाच, ते दिसलं नाही म्हणून नाही, असं म्हणता येत नाही.

आता प्रयोगशाळेचा अहवाल हातात घ्या. त्यात लिहिलेलं असतं, ‘आढळले नाही’. हा अनुपलब्धीचा निर्णय आहे. मग पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. असतं तर दिसलं असतं का? उजेड किती होता? उजेड म्हणजे उपकरणाची पोच. गेल्या सत्तर वर्षांत दशलक्षात एक भागावरून अब्जात एक भागावर, आणि काही रसायनांच्या बाबतीत त्याच्याही खाली, नजर पोचली. १९५९ साली जो माल ‘स्वच्छ’ म्हणून सुटला, त्यातला किती आजच्या यंत्रापुढे टिकला असता? फळ तेच. उजेड वाढला. डिलेनींचं शून्य हे निसर्गातलं शून्य नव्हतं, त्या काळच्या दिव्याचं शून्य होतं.

त्यामुळे झालं असं, की यंत्रं जितकी चांगली तितका तो कायदा पाळायला अशक्य. १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ‘नगण्य धोका’ चालेल अशी वाट काढून पाहिली. १९९२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, कायद्यात नगण्य वगैरे शब्द नाही, शून्य म्हणजे शून्य. शेवटी १९९६ मध्ये कायदाच बदलला. कीडनाशकं आणि तणनाशकांच्या अवशेषांसाठी शून्य गेलं आणि ‘इजा होणार नाही अशी वाजवी खात्री’ आलं. लहान मुलांसाठी दहापट जादा काळजीची तरतूदही आली. मुळात ‘नाही’ होतं, त्याच्या जागी ‘खात्री’ आली. ‘नाही’ हे वस्तूबद्दलचं विधान आहे. ‘खात्री’ हे कोणाची तरी असते.

अमिनोट्रायझोलचं पुढे काय झालं? हे मला फार बोधक वाटतं. १९७१ मध्ये अमेरिकेत अन्नपिकांवरचा त्याचा वापर बंद झाला. तीस वर्षांनी, २००१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, पुन्हा पुरावा तपासला. उंदरांत थायरॉइडच्या गाठी होतात हे खरं, पण ज्या वाटेने होतात ती वाट माणसाला लागू होत नाही, असं म्हणून त्यांनी ते वर्गीकरण खाली आणलं. म्हणजे निक्सन-केनेडी बरोबर ठरले? थांबा. २०१६ मध्ये युरोपीय संघाने तेच रसायन बाजारातून काढलं. कारण कर्करोग नव्हतं. भूजलात उतरणं आणि संप्रेरकांच्या यंत्रणेवरचा परिणाम, ही कारणं होती. १९५९ साली हे प्रश्न कोणी विचारलेही नव्हते. सत्तावन्न वर्षांत आरोप बदलला, आरोपी तोच.

आता आजच्या काळात येऊ. आज या विषयाचं दुसरं नाव ग्लायफोसेट. मोन्सँटो कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जॉन फ्रान्झ यांनी १९७० मध्ये त्याचा तणनाशक गुण शोधला, १९७४ मध्ये ते ‘राउंडअप’ या नावाने बाजारात आलं. वनस्पतींमध्ये काही अमिनो आम्लं तयार करणारी एक वाट असते, शिकिमेट नावाची. हे रसायन त्या वाटेवरचं एक विकर बंद पाडतं, आणि झाड उपाशी मरतं. माणसात ही वाटच नाही, म्हणून माणसाला धोका नाही, हा युक्तिवाद सुरुवातीपासून केला गेला. युक्तिवाद सुबक आहे. फक्त आपल्या आतड्यातल्या अनेक जिवाणूंमध्ये ती वाट आहे, आणि एक रसायन एकाच वाटेने काम करतं असा निसर्गाचा नियम नाही. त्या जिवाणूंवर खाण्यातल्या प्रमाणाचा प्रत्यक्ष काय परिणाम होतो, याचा अभ्यास अजून चालू आहे.

१९९६ मध्ये हे औषध सहन करणारं सोयाबीन अमेरिकेत आलं. उभ्या पिकावर फवारा मारायचा, तण मरतं, पीक राहतं. त्यानंतरच्या दोन दशकांत जगातला वापर जवळपास पंधरापट झाला.

कर्करोगाच्या प्रश्नाची सुरुवात मात्र चार-दोन उंदरांपासून आहे. १९८० च्या दशकात कंपनीने ईपीएकडे एक अभ्यास दिला. चार गट, प्रत्येकी पन्नासच्या आसपास नर उंदीर. एका गटाला काहीच नाही, बाकीच्यांना चढत्या प्रमाणात ग्लायफोसेट. मूत्रपिंडातल्या दुर्मीळ गाठी मोजल्या. काही न दिलेल्या गटात शून्य, कमी प्रमाणात शून्य, मध्यम प्रमाणात एक, जास्त प्रमाणात तीन. १९८५ मध्ये ईपीएने ‘कदाचित कर्करोगकारक’ असा शेरा मारला. मग कंपनीच्या वतीने एका रोगनिदानतज्ज्ञाने काचपट्ट्या पुन्हा तपासल्या, आणि काही न दिलेल्या गटातल्या एका उंदरात त्यांना एक गाठ दिसली. शून्य-शून्य-एक-तीनचं एक-शून्य-एक-तीन झालं. त्या गाठीवरून मग वाद झाले. सल्लागार मंडळ म्हणालं, यावरून निर्णय करता येत नाही, आणखी अभ्यास मागवा. १९९१ मध्ये वर्गीकरण थेट ‘कर्करोगकारक नसल्याचा पुरावा’ या गटात गेलं. सहा वर्षांत ‘कदाचित’पासून ‘नाही’पर्यंत. आपल्या मीमांसकांना यात रस वाटला असता. इथे तर दिसलेल्या गोष्टीबद्दलही दोन डोळ्यांचं एकमत होईना.

मग २०१५. आयएआरसीने मार्चमध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं. प्राण्यांमधला पुरावा पुरेसा, माणसांमधला मर्यादित, आणि तोही मुख्यतः एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाबद्दल. नॉन-हॉजकिन लिम्फोमा असं त्याचं नाव. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-शेती संघटना यांच्या संयुक्त मंडळाने म्हटलं, आहारातून जाणाऱ्या ग्लायफोसेटमुळे कर्करोगाचा धोका संभवत नाही. एकाच आरोग्य संघटनेच्या छपराखालून चौदा महिन्यांत दोन तोंडं! वर्तमानपत्रांनी तसंच छापलं.

पण प्रश्न दोन होते. कात्रजच्या सर्पोद्यानात नाग आहे. नाग विषारी आहे का? आहे. काचेच्या बाहेर उभ्या असलेल्या तुम्हाला धोका आहे का? जवळपास नाही. आयएआरसी पहिला प्रश्न विचारते, आहाराचं मंडळ दुसरा. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात.

उपमा इथपर्यंत चालते, पुढे लंगडते, हेही सांगितलं पाहिजे. कारण युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं. म्हणजे इथे मतभेद खरा आहे. तो आला पुराव्याच्या निवडीतून. आयएआरसी प्रसिद्ध झालेलं संशोधन वाचते. युरोपच्या प्राधिकरणाने कंपन्यांनी दिलेले, प्रसिद्ध न झालेले अभ्यासही धरले. आयएआरसीने शेतात प्रत्यक्ष मारलं जाणारं मिश्रणही पाहिलं, युरोपने फक्त शुद्ध रसायन. मिश्रणात औषध पानाला चिकटावं म्हणून दुसरी द्रव्यं असतात. त्यातल्या एका द्रव्यावर २०१६ मध्ये युरोपने स्वतःच बंदी घातली.

आणि काचेच्या आत उभा असलेला माणूस कोण? फवारणी करणारा. मित्रहो, या सगळ्या पुराव्यातला माणसांबद्दलचा जवळजवळ सगळा भाग फवारणाऱ्यांचा आहे, खाणाऱ्यांचा नाही. अमेरिकेत चोपन्न हजारांहून अधिक फवारणाऱ्यांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा अभ्यास आहे. त्यात २०१८ मध्ये लिम्फोमाशी संबंध आढळला नाही. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर सर्वांत जास्त संपर्क असलेल्यांत धोका ४१ टक्के जास्त दिसला. कॅलिफोर्नियातल्या ज्या खटल्यात २०१८ मध्ये ज्युरीने २८.९ कोटी डॉलरची भरपाई ठरवली, आणि जी पुढे वरच्या न्यायालयांत बरीच खाली आली, तो फिर्यादीही फवारणी करणारा कामगार होता. म्हणून कोणी न्यायालयाचा निकाल दाखवून ‘बघा, डाळीतून कर्करोग होतो’ म्हणालं, तर तो पुरावा एका माणसाचा घेऊन दुसऱ्याला लावतोय.

दोन्ही बाजूंनी हात मळलेले आहेत, हेही नोंदवतो. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या सेरालिनी यांच्या गटाने गाठींनी विद्रूप झालेल्या उंदरांची चित्रं छापली. ती जगभर फिरली. पण एका गटात दहाच उंदीर, आणि जात अशी की म्हातारपणी तिला आपोआपच गाठी होतात. नियतकालिकाने तो लेख मागे घेतला, नंतर तो दुसरीकडे छापला गेला. उलट बाजूला, २००० सालचा एक मोठा आढावा लेख होता, ग्लायफोसेट निर्धोक आहे असं सांगणारा, असंख्य ठिकाणी आधार म्हणून दिला गेलेला. त्याच्या लेखनात कंपनीच्याच माणसांचा हात होता, असं दर्शवणारी पत्रं २०१७ मध्ये खटल्यांतून बाहेर आली. तो लेख पंचवीस वर्षांनी, २०२५ मध्ये, मागे घेतला गेला. माझ्या लेखी दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. वाईट प्रयोग शास्त्रज्ञ पकडतात. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या सहीने फिरणारा लेख कोण पकडणार?

आता ताईंची मसूर.

कॅनडासारख्या थंड देशात मसूर, ओट, गहू काढणीच्या वेळी एकसारखे वाळत नाहीत. पाऊस, थंडी तोंडावर असते. म्हणून काढणीच्या थोडं आधी पिकावर ग्लायफोसेट मारायची पद्धत पडली. तण मरतं, पीकही वाळायला मदत होते. पेरणीच्या वेळी मारलेलं औषध दाण्यात पोचेपर्यंत फारसं उरत नाही. काढणीआधी मारलेलं सरळ दाण्यात जातं. आत गेलेलं असल्यामुळे डाळ चार पाण्यांनी धुतली तरी सगळं निघत नाही.

युरोपात मसुरीतल्या अवशेषाची मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम होती. २०१२ च्या सुमारास ती १० मिलिग्रॅम झाली. शंभरपट. मसूर बदलली नाही, माणसाचं शरीर बदललं नाही, उंदरांनीही काही नवीन सांगितलं नाही. बदलली ती शेतीची पद्धत. कारण ही ‘कमाल अवशेष मर्यादा’ म्हणजे मुळात विषाची रेघ नव्हे. सांगितल्याप्रमाणे औषध मारलं तर जास्तीत जास्त किती उरेल, त्याची ती रेघ. आरोग्याची रेघ वेगळी असते. ती ओलांडली जात नाही ना, एवढं बघून ही रेघ हलवता येते. हे नियमात बसतं. पण सामान्य माणूस ‘मर्यादेच्या आत’ असं वाचतो, तेव्हा त्याला वाटतं डॉक्टरने तपासून सांगितलंय.

आपल्या देशात २०१८ मध्ये आयात डाळींमधल्या ग्लायफोसेटचा प्रश्न निघाला, तेव्हा डाळींसाठी आपली स्वतःची मर्यादाच नव्हती. मर्यादा ठरलेली नसेल तिथे आपला सर्वसाधारण नियम किलोला ०.०१ मिलिग्रॅमचा. आंतरराष्ट्रीय कोडेक्सची मसुरीची मर्यादा तेव्हा ५ मिलिग्रॅम होती. एकाच पोत्याला दोन मापं, त्यांच्यात पाचशेपटींचा फरक. एफएसएसएआयने तपासणीचे आदेश दिले, आणि माप कोडेक्सचं वापरायला सांगितलं.

आता हिशेब करू, म्हणजे ताईंना उत्तर मिळेल. युरोपने जन्मभर रोज चालेल असं जे प्रमाण ठरवलंय, ते वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज तीस मिलिग्रॅम. तुमच्या वाटीत पन्नास ग्रॅम मसूर, आणि ती कोडेक्सच्या त्या मर्यादेपर्यंत भरलेली धरली, तर पाव मिलिग्रॅम. म्हणजे त्या रेघेच्या एक टक्क्याहूनही कमी. मी मसूर खातो. कराडकडे गेलो तर अख्खा मसूर मागवून खातो. कर्करोगाच्या भीतीने डाळ सोडणं मला पुराव्याला धरून वाटत नाही, आणि ज्याच्या घरी प्रथिनांसाठी डाळच आहे त्याला तसा सल्ला देणं तर गुन्हा वाटतो.

पण या उत्तराच्या पोटात काय काय गृहीत आहे तेही बघा. तीस मिलिग्रॅमची रेघ प्राण्यांवरच्या अभ्यासांतून आलेली आहे. ती एका रसायनापुरती आहे, तर ताटात एकाच वेळी अनेक रसायनं येतात. आणि ती ज्यांच्या खात्रीवर उभी आहे त्यांच्या कामावर प्रश्न संपलेले नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने ईपीएचा कर्करोगाबद्दलचा निष्कर्ष पुरेशा पुराव्यावर उभा नाही म्हणून बाजूला ठेवला. २०२३ मध्ये युरोपने त्याच रसायनाला आणखी दहा वर्षं परवानगी दिली. अमेरिकेत सहा वर्षांपुढच्या लोकांचे २०१३-१४ मधले लघवीचे नमुने तपासले, तर पाचातल्या चार जणांत ग्लायफोसेट सापडलं. सापडलं म्हणजे अपाय झाला असं नव्हे. मघाचा दिवा आठवा. पण ‘हे शेतातच राहतं’ असं आता कोणाला म्हणता येणार नाही.

आपल्या घराजवळचा प्रश्न मात्र मसुरीचा नाही, कपाशीचा आहे. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात, शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणारं, सरकारची मान्यता नसलेलं कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं. सविनय कायदेभंग म्हणून. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. निंदणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. जो वर्षातून एकदाही वावरात उतरत नाही, त्याने त्यांना हातात खुरपं घ्या म्हणून सांगू नये. मीही सांगणार नाही.

पण परिणाम बघा. कपाशीच्या सरकीचं तेल आपण खातो, पेंड जनावरं खातात. मान्यता असलेल्या पिकात निदान अवशेषांची आकडेवारी मागता येते. जे पीक कागदावर नाहीच, त्याच्यासाठी आकडे कोणाकडे मागायचे? ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच व्हावा असं काढलं. एखाद्या तालुक्यातल्या कृषिसेवा केंद्रावर उभं राहून हे वाक्य वाचून बघा. पाठीवर पंप बांधलेला माणूस, तोंडाला रुमाल, पायात चप्पल. काचेच्या आतला माणूस तो. त्याच्या लघवीचे नमुने कुठल्या पाहणीत आहेत?

म्हणून ताई, डाळ खा. पण यापुढे कोणी तुम्हाला ‘अवशेषमुक्त’ म्हणून जादा पैशाने काही विकायला आलं, तर अहवाल मागा. त्यात ‘आढळले नाही’च्या शेजारी एक रकाना असतो, यंत्राला कमीत कमी किती दिसतं त्याचा. तो रकाना कोरा असेल, तर दुकानदाराला विचारा की दिवा लावला होता का.

वेळ झाली. प्रश्न घेऊ.